राष्ट्रपतिपदाच्या कलमांतील कोऱ्या जागा: महाराष्ट्राच्या खासदारांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून लोकसभेवर गेलेले ४८ आणि राज्यसभेवर गेलेले १९ सदस्य यांस,

महोदय, महोदया,

विद्यमान राष्ट्रपतींची मुदत २४ जुलै २०२७ रोजी संपते. त्याआधी होणाऱ्या निवडणुकीत तुमच्यापैकी बहुतेकांना मत द्यायचे आहे. कोणाला, ते तुम्ही आणि तुमचे पक्ष ठरवतील. या पत्राचा विषय उमेदवार नाही. विषय आहे राज्यघटनेची ५२ ते ७२ ही कलमे आणि त्यांच्याशी जोडलेली १११, २०१ आणि ३५६. राष्ट्रपती कसे निवडायचे, त्यांनी कशावर किती दिवसांत सही करायची आणि वेळ आलीच तर त्यांना पदावरून कसे दूर करायचे, हे या कलमांत लिहिले आहे. लिहिले आहे खरे, पण पाच-सहा ठिकाणी जिथे अडचण येते नेमका तिथेच मजकूर थांबतो. आजवर संकेतांवर आणि माणसांच्या समंजसपणावर निभावले. पुढेही निभावेल या भरवशावर राहण्याचे दिवस आता उरलेले नाहीत, असे आम्हाला वाटते. आम्ही राज्यघटना शिकवणारी आणि तिच्यावर काम करणारी मंडळी आहोत.

कारण ताजे आहे. २० नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, राष्ट्रपतींनी कलम १४३ खाली विचारलेल्या १४ प्रश्नांवर अभिमत दिले. त्याच वर्षी ८ एप्रिलला तामिळनाडूच्या प्रकरणात दोन न्यायाधीशांच्या पीठाने राज्यपालांना आणि राष्ट्रपतींनाही मुदती आखून दिल्या होत्या. राज्यपालांनी राखून ठेवलेल्या विधेयकावर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असे म्हटले होते. घटनापीठाने ते मान्य केले नाही. घटनेत नसलेली मुदत न्यायालय घालू शकत नाही आणि वेळ उलटली म्हणून संमती मिळाली असे मानताही येत नाही, हा त्या अभिमताचा गाभा. त्यावर टीका पुष्कळ झाली. आमच्या मते न्यायालयाने आपली हद्द ओळखली. पण मग मुदत लिहायची कोणी? घटनेत शब्द घालण्याचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनी, म्हणजे तुम्ही.

कलम २०१ समोर ठेवून वाचा. राज्यपालांनी राखून ठेवलेले विधेयक राष्ट्रपतींकडे गेले की ते संमती देतील किंवा रोखतील. केव्हा, ते लिहिलेले नाही. धन विधेयक नसेल तर ते विधिमंडळाकडे परत पाठवायला राज्यपालांना सांगता येते. परत आले की विधिमंडळाने सहा महिन्यांत फेरविचार करायचा. मुदत आहे ती इथे, आणि ती निवडून आलेल्या सभागृहाला आहे! विधिमंडळाने ते पुन्हा मंजूर केले तरी राष्ट्रपतींनी पुन्हा फक्त ‘विचार’ करायचा. संमती देणे बंधनकारक नाही आणि या दुसऱ्या विचारालाही मुदत नाही. संसदेच्या विधेयकांसाठीच्या कलम १११ मध्ये निदान दुसऱ्यांदा मंजूर झाल्यावर संमती रोखता येत नाही. तिथेही पहिल्या फेरीत परत पाठवायचे तर ‘शक्य तितक्या लवकर’ एवढेच शब्द आहेत. १९८६ च्या टपाल दुरुस्ती विधेयकावर राष्ट्रपती झैलसिंग यांनी सही केली नाही आणि ते परतही पाठवले नाही. घटनेचा भंग झाला असे कोणाला म्हणता आले नाही, कारण भंग व्हायला आधी नियम असावा लागतो.

मुदत घातली तर राष्ट्रपतिपदाचा मान कमी होतो, असा एक आक्षेप घेतला जातो. तो संसदेनेच १९७१ मध्ये निकालात काढला आहे. २४ व्या घटनादुरुस्तीने कलम ३६८ खालच्या विधेयकांना राष्ट्रपतींनी संमती ‘दिली पाहिजे’ असे लिहिले गेले, त्याने पदाची प्रतिष्ठा कुठे गेली नाही. शिवाय राखीव विधेयकांवर तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०१६ च्या ज्ञापनातच आहे. जे ज्ञापनात चालते ते कलमात का चालू नये?

आमची सूचना अशी. कलम १११ मध्ये ‘सादर झाल्यापासून ६० दिवसांच्या आत’ आणि कलम २०१ मध्ये ‘मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत’ हे शब्द घालावेत. संमती रोखायची तर कारणे लेखी द्यावीत आणि ती राज्याच्या विधिमंडळापुढे ठेवावीत. मुदत उलटली तर काय, हा खरा पेच. ‘संमती मिळाली असे मानावे’ हा सोपा वाटणारा मार्ग आम्हाला पसंत नाही. कायदा नेमका कोणत्या दिवशी अस्तित्वात आला यावर खटले उभे राहतील, आणि मंत्रालयाला नको असलेली जबाबदारी गप्प राहून टाळता येईल. त्याऐवजी, मुदत उलटली की विधेयक संदेशाविना परत आले असे मानावे. विधिमंडळाने ते सहा महिन्यांत पुन्हा मंजूर केले तर संमती देणे बंधनकारक असावे. याला दोन अपवाद ठेवलेच पाहिजेत, आणि घाईत केलेल्या मसुद्यांत नेमके तेच सुटतात. पहिला, कलम २५४(२) खालची विधेयके. समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्राच्या कायद्याशी विसंगत असा राज्याचा कायदा राष्ट्रपतींच्या संमतीवरच टिकतो. तिथे संमती सक्तीची केली तर कोणतेही राज्य केंद्राचा कायदा दोनदा हात वर करून बाजूला सारू शकेल. दुसरा, कलम २०० च्या दुसऱ्या परंतुकातली (म्हणजे कलमाला ‘परंतु’ म्हणून जोडलेल्या अटीतली), उच्च न्यायालयाच्या अधिकारांना धक्का लावणारी विधेयके. या दोन्हींत मुदत असावी, सक्ती नसावी.

आता रात्रीच्या सह्यांकडे येऊ. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या उद्घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यातून धडा घेऊन १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने कलम ३५२(३) आले: केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवल्याशिवाय उद्घोषणा नाही. हेच वाक्य राष्ट्रपती राजवटीच्या कलम ३५६ मध्ये मात्र घातले गेले नाही. २३ मे २००५ रोजी बिहार विधानसभा विसर्जित करण्याच्या कागदावर राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी मॉस्कोत असताना सही केली. तो निर्णय पुढे सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. महाराष्ट्रात १२ नोव्हेंबर २०१९ ला लागू झालेली राष्ट्रपती राजवट २३ नोव्हेंबरच्या पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठवली गेली. त्यासाठी केंद्र सरकारच्या कामकाज नियमांतला नियम १२ वापरला गेला. त्या नियमाने पंतप्रधानांना आवश्यक वाटेल तेव्हा इतर नियमांना फाटा देता येतो आणि मंत्रिमंडळाची मंजुरी मागाहून घेता येते. त्या सकाळी शपथ कोणी घेतली आणि पुढे काय झाले, यात आम्हाला इथे पडायचे नाही; तुमच्यातले निम्मे एका बाजूला होते, निम्मे दुसऱ्या. मुद्दा एवढाच की एका राज्याची राजवट उठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या बैठकीविना होऊ शकला, आणि तो कोणत्याही नियमाबाहेर नव्हता.

राष्ट्रपतींच्या हातात अशा वेळी एकच हत्यार असते: कलम ७४ च्या परंतुकाने दिलेला, सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा अधिकार. ऑक्टोबर १९९७ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस परत पाठवली, आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. अधिकार कागदावर तोच, पण तो वापरायला वेळ मिळाला म्हणून उपयोगी पडला. पहाटेच्या फाइलवर फेरविचार मागता येत नाही. म्हणून कलम ३५६ मध्ये एक उपकलम घालावे: उद्घोषणा काढणे, बदलणे आणि रद्द करणे या तिन्हींसाठी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आधी हवा, आणि तो मिळाल्यापासून २४ तास उलटल्याशिवाय सही होणार नाही. युद्धासारख्या प्रसंगासाठी कलम ३५२ आहेच. ३५६ च्या परिस्थितीत राज्यपाल, मुख्य सचिव, पोलीस सगळे जागेवर असतात. एका दिवसाने काही बिघडत नाही. ‘रद्द करणे’ हा शब्द मसुद्यातून वगळू देऊ नका. चर्चा नेहमी राजवट लावण्याची होते, उठवण्याची होत नाही.

पदावरून दूर करण्याचे कलम ६१ सर्वांत कमी वाचले गेलेले, कारण ते एकदाही वापरले गेले नाही. कृती अशी: कोणत्याही एका सभागृहात आरोपाचा ठराव, किमान १४ दिवसांची लेखी सूचना, तीवर एकूण सदस्यसंख्येच्या एक चतुर्थांश सह्या, म्हणजे लोकसभेत १३६ किंवा राज्यसभेत ६२. ठराव एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांशांनी मंजूर व्हायला हवा: लोकसभेत ३६२, राज्यसभेत १६४. इथे ‘उपस्थित आणि मतदान करणारे’ नाहीत, एकूण सदस्यसंख्या आहे. रिकाम्या जागा आणि गैरहजर सदस्य सगळे राष्ट्रपतींच्या बाजूने मोजले जातात. मग दुसरे सभागृह आरोपाची चौकशी करते किंवा करवून घेते, राष्ट्रपतींना स्वतः किंवा वकिलामार्फत बाजू मांडता येते, आणि तिथेही तेवढ्याच बहुमताने ठराव झाला की पद जाते.

आकडा चढा आहे आणि तो तसाच असावा. दोष इतरत्र आहेत. कारण एकच दिले आहे, ‘घटनेचा भंग’, आणि त्याची व्याख्या नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्यासाठी कलम १२४(४) मध्ये ‘सिद्ध झालेले गैरवर्तन किंवा असमर्थता’ असे लिहिले आहे. राष्ट्रपतींच्या कलमात यातला एकही शब्द नाही. समजा एखाद्या राष्ट्रपतीने लाच घेतली. कलम ३६१ मुळे पदावर असेपर्यंत फौजदारी खटला चालत नाही. उरते कलम ६१, आणि तिथे पहिले दोन आठवडे लाच घेणे हा घटनेचा भंग आहे की नाही यावरच जातील. उलट बाजूही तितकीच अवघड. ४२ व्या दुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक झाला. त्यामुळे सल्ल्याप्रमाणे वागणाऱ्या राष्ट्रपतीवर आरोप ठेवणे कठीण, आणि सल्ला रोखून धरणाऱ्यावर सोपे. याचा अर्थ, घटनेच्या रक्षणाची शपथ घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर टांगलेली तलवार ज्यांच्यापासून घटना राखायची वेळ येऊ शकते त्यांच्याच हातात आहे. म्हणून कलमाला स्पष्टीकरण जोडावे: ७४ खाली फेरविचार मागणे, ७८ खाली माहिती मागणे, १४३ खाली न्यायालयाचे मत मागणे आणि १११ खाली विधेयक परत पाठवणे यांपैकी काहीही ‘घटनेचा भंग’ ठरणार नाही. आणि लाच, देशद्रोह व निवडणुकीतील भ्रष्टाचार ही कारणे वेगळी नोंदवावीत.

दुसरा दोष चौकशीचा. न्यायाधीशांसाठी १९६८ चा चौकशी कायदा आहे: तीन सदस्यांची समिती, आरोपपत्र, साक्षी, अहवाल. राष्ट्रपतींसाठी असा कायदा नाही. दुसरे सभागृह चौकशी ‘करवून घेईल’ म्हणजे कोणाकडून? साक्षीदाराला समन्स कोण काढणार, शपथ कोण देणार, किती दिवसांत? यासाठी घटनादुरुस्तीचीही गरज नाही, साधा कायदा पुरे, आणि आरोप कोणावरच नसताना तो करणे चांगले. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली की काय होते ते सांगायला नको.

तिसरा दोष बारीक आहे, पण घात तोच करील. सूचना दिल्यापासून ठराव मतास येईपर्यंत किमान १४ दिवस. त्या काळात सत्र संस्थगित करण्याचा किंवा लोकसभा विसर्जित करण्याचा सल्ला मंत्रिमंडळाने दिला, तर त्यावर सही करणार कोण? ज्यांच्यावर आरोप आहे तेच राष्ट्रपती. कलम ८५ मध्ये यावर बंधन नाही. सूचना दाखल झाल्यापासून दुसऱ्या सभागृहाचा निकाल लागेपर्यंत कलम ८५ चा वापर थांबेल, एवढे एक परंतुक पुरेसे आहे.

राज्यांचे आमदार राष्ट्रपतींना निवडतात पण हटवताना त्यांना मत नाही, आणि राज्यसभेचे १२ नामनिर्देशित सदस्य निवडणुकीत मत देत नाहीत पण हटवताना देतात, ही विसंगती अभ्यासक हमखास दाखवतात. ती आहे. पण चार हजारांहून जास्त आमदारांपुढे चौकशी चालवणे शक्य नाही, आणि १२ मतांनी राज्यसभेतले १६४ चे गणित क्वचितच हलेल. इथे वेळ घालवू नये.

त्याहून गंभीर आहे तो आजारपणाचा प्रश्न. राष्ट्रपती बेशुद्ध असतील, किंवा शुद्धीत असूनही त्यांना कागद समजत नसेल, तर? कलम ६५(२) म्हणते, गैरहजेरी, आजार किंवा इतर कारणाने राष्ट्रपती काम करू शकत नसतील तेव्हा उपराष्ट्रपती ते काम पाहतील. करू शकत नाहीत हे ठरवणार कोण, यावर कलम गप्प आहे. १९६१ मध्ये डॉ. राजेंद्रप्रसाद आजारी होते तेव्हा डॉ. राधाकृष्णन यांनी काम पाहिले, सगळे सलोख्याने झाले. राष्ट्रपती स्वतः कबूल करतात तेव्हा अडचण येतच नाही. येते ती कबूल करत नाहीत किंवा करण्याच्या स्थितीत नसतात तेव्हा. राजीनामा द्यायलाही शुद्ध लागते, आणि आजारी पडणे हा घटनेचा भंग नव्हे.

अमेरिकेने यासाठी १९६७ मध्ये २५ वी दुरुस्ती केली. आयर्लंडच्या घटनेत कायमची असमर्थता सर्वोच्च न्यायालयाच्या किमान पाच न्यायाधीशांपुढे सिद्ध व्हावी लागते. आपल्याकडे निर्णय एकट्या मंत्रिमंडळाकडे दिला तर नकोशा राष्ट्रपतीला आजारी ठरवण्याचा मोह होईल, आणि एकट्या संसदेकडे दिला तर सत्र चालू नसताना सगळे अडेल. म्हणून दोन्हींच्या मधला टप्पा हवा. नवे कलम ६५अ असे असावे: मंत्रिमंडळ किंवा दोन्ही सभागृहांचे पीठासीन अधिकारी एकत्रितपणे लेखी विनंती करतील. सरन्यायाधीश शासकीय रुग्णालयांतील तीन विशेषज्ञांचे मंडळ नेमतील. मंडळ सात दिवसांत अहवाल देईल. पाच न्यायाधीशांचे पीठ त्यावर आणखी सात दिवसांत, राष्ट्रपतींच्या प्रतिनिधीला ऐकून, निर्णय देईल. असमर्थता तात्पुरती असेल तर उपराष्ट्रपती काम पाहतील, आणि राष्ट्रपतींनी बरे झाल्याचे कळवले की तेच पीठ खात्री करून घेईल. कायमची असेल तर दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश बहुमताने तसे ठरवल्यावर पद रिक्त होईल आणि नव्या निवडणुकीची कलम ६२ मधली सहा महिन्यांची मुदत सुरू होईल. उपराष्ट्रपतींना पीठासीन अधिकारी या नात्याने विनंतीत सामील होऊ देऊ नये. काम त्यांच्याकडेच येणार असल्याने राज्यसभेच्या वतीने उपसभापती असावेत.

आणि उपराष्ट्रपतीच नसतील तर? ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले आणि मग निवडणूक लढवण्यासाठी त्यांनी २० जुलैला राजीनामा दिला. मे महिन्यात घाईने केलेल्या कायद्यामुळे सरन्यायाधीश एम. हिदायतुल्ला यांनी २४ ऑगस्टपर्यंत राष्ट्रपतिपद सांभाळले. तो कायदा आजही आहे. पण उपराष्ट्रपतिपद किती दिवस रिकामे राहू द्यायचे याला कलम ६८ मध्ये मुदत नाही, पुन्हा तेच ‘शक्य तितक्या लवकर’. २१ जुलै २०२५ ला उपराष्ट्रपतींनी राजीनामा दिला आणि नव्या उपराष्ट्रपतींची शपथ १२ सप्टेंबरला झाली. तेव्हा काम लवकर झाले. मुदत लिहायला मात्र अडचण कसली? राष्ट्रपतींसाठी आहेत ते सहा महिने इथेही लिहावेत.

निवडणुकीच्या पद्धतीकडे वळतो, कारण इथे घड्याळ चालू आहे. आमदाराच्या मताचे मूल्य काढताना राज्याची लोकसंख्या निवडून आलेल्या आमदारांच्या संख्येने भागायची, आलेल्या भागाकाराला हजाराने भागायचे, बाकी पाचशे किंवा जास्त असेल तर एक मिळवायचा. महाराष्ट्राची १९७१ ची लोकसंख्या ५,०४,१२,२३५, भागिले २८८, म्हणजे १,७५,०४२, मूल्य १७५. २०२२ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते आणि सगळ्या मतांचे मिळून मूल्य १०,८६,४३१. तुम्ही ६७ आणि २८८ आमदार मिळून ९७,३०० होता, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के. (त्या निवडणुकीत देशभरात ५३ मते बाद ठरली, त्यांत १५ खासदारांची होती. पसंतीचा आकडा आयोगाने दिलेल्या पेनाने लिहिणे एवढेच करायचे असते. त्यासाठी घटनादुरुस्ती सुचवण्याची आमची तयारी नाही.)

१९७१ ची लोकसंख्या वापरायची ती कलम ५५ च्या स्पष्टीकरणातल्या परंतुकामुळे. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीनंतर ते असे वाचते: २०२६ नंतर होणाऱ्या पहिल्या जनगणनेची संबंधित आकडेवारी प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ चे आकडे धरावेत. आता पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आहे १ मार्च २०२७. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे ३१ मार्च २०११ लाच जाहीर झाले होते. तसेच या वेळी झाले, तर मे २०२७ च्या अखेरीस राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीची अधिसूचना काढण्याची वेळ येईल तेव्हा ‘संबंधित आकडेवारी प्रसिद्ध’ झालेली असेल की नसेल? तात्पुरते आकडे ‘संबंधित’ म्हणायचे की अंतिमच? कलमात उत्तर नाही. निवडणूक आयोगाने कोणताही अर्थ लावला तरी कलम ७१ खाली सर्वोच्च न्यायालयात याचिका जाणार. ती निवडणुकीचा निकाल लागल्यावरच जाते, म्हणजे शपथ झालेल्या राष्ट्रपतींच्या निवडीवर.

फरक किरकोळ नाही. नमुना म्हणून २०११ ची लोकसंख्या घालून पाहा. उत्तर प्रदेशाच्या आमदाराचे मूल्य २०८ वरून ४९६ होते, तामिळनाडूचे १७६ वरून ३०८, केरळचे १५२ वरून २३९, महाराष्ट्राचे १७५ वरून ३९०. उत्तर प्रदेशाचा एक आमदार आज केरळच्या १.३७ आमदारांइतका आहे, तो २.०८ इतका होतो. लोकसंख्या आटोक्यात ठेवलेल्या राज्यांचे वजन राष्ट्रपती निवडताना घटावे की नाही, यावर आमच्यातच दोन मते आहेत. पण तो निर्णय तुम्ही चर्चा करून घ्यावा. जनगणना कार्यालयाने कोणत्या महिन्यात पत्रकार परिषद घेतली यावर तो ठरू नये. ‘राष्ट्रपतींची मुदत संपण्याच्या किमान १२ महिने आधी प्रसिद्ध झालेली अंतिम आकडेवारी’ असे शब्द घातले की प्रश्न मिटतो.

त्याच कलमाच्या शेजारी आणखी एक जागा. कलम ५४ च्या स्पष्टीकरणात ‘राज्य’ या शब्दात दिल्ली आणि पुदुच्चेरी धरावीत असे १९९२ च्या ७० व्या दुरुस्तीने लिहिले. जम्मू-काश्मीर २०१९ पासून केंद्रशासित आहे आणि त्याची ९० आमदारांची विधानसभा २०२४ मध्ये निवडून आली. पण त्या स्पष्टीकरणात दोनच नावे आहेत. राज्याचा दर्जा परत मिळाला तर प्रश्न आपोआप सुटेल. नाही मिळाला तर त्या ९० जणांना मत आहे की नाही, याचे उत्तर अर्ज भरण्याच्या आठवड्यात शोधावे लागेल. विधानसभा असलेला प्रत्येक केंद्रशासित प्रदेश, एवढे सामान्य शब्द घालावेत म्हणजे नावे जोडत बसायला नको.

पात्रतेत फार बदल नको. ३५ वर्षांची अट ठीक आहे, कमाल वयाची अट नको. ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत ही १९९७ पासूनची अट कडक वाटते खरी, पण १९६७ मध्ये १७ उमेदवार होते आणि त्यांतल्या नऊ जणांना एकही मत मिळाले नव्हते, हेही लक्षात घ्या. दोनदाच उभे राहता येईल अशी मर्यादा घालायची तर घाला, डॉ. राजेंद्रप्रसादांखेरीज कोणी दुसऱ्यांदा निवडून आलेलेच नाही. उमेदवाराकडे ‘लाभाचे पद’ नसावे ही अट मात्र दुरुस्त करा. २०१२ च्या निवडणुकीनंतर एका संस्थेच्या अध्यक्षपदावरून झालेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली ती ३ विरुद्ध २ ने; राष्ट्रपतींची निवड एका मताने वाचावी इतका तो शब्द सैल आहे. राष्ट्रपती थेट जनतेने निवडावेत ही मागणी संविधान सभेत के. टी. शहांनी केली होती आणि ती नाकारली गेली, ते बरे झाले. कोट्यवधी मते घेऊन आलेला माणूस दुसऱ्याच्या सल्ल्यावर सही करीत बसणार नाही.

अध्यादेश पुन्हा पुन्हा काढण्याला १९८६ मध्ये पुण्याच्या डॉ. डी. सी. वाधवांच्या याचिकेवर आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांनी चाप लावला आहे. तोच नियम कलम १२३ मध्ये एका ओळीत लिहून टाकावा. दयेच्या अर्जांसाठी घटनेला हात लावायला नको. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७२ मध्ये केंद्राने राष्ट्रपतींकडे शिफारस पाठवायला ६० दिवस दिले आहेत, पुढच्या टप्प्याला काहीच नाही. तिथेच मुदत घालता येईल. विलंबामुळे २०१४ मध्ये एकाच निकालात १५ जणांची फाशी जन्मठेपेत बदलावी लागली होती.

वाट किती अवघड आहे? वाटते तितकी नाही. कलम ३६८ च्या परंतुकात ५४ आणि ५५ आहेत, म्हणून त्या दोन बदलांना निम्म्या, म्हणजे १४ राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागेल. ६१, ६५, ६८, ८५, १११, १२३, २०१ आणि ३५६ त्या यादीत नाहीत. त्यांना लोकसभेत किमान २७२, राज्यसभेत किमान १२३ आणि हजर राहून मत देणाऱ्यांचे दोन तृतीयांश पुरेत. एक काळजी घ्या: ६५अ मधले न्यायालयाचे काम कलम १४३ मध्ये घालू नका. न्यायपालिकेचे ते प्रकरण परंतुकात येते आणि विनाकारण १४ राज्यांची फेरी वाढते. म्हणूनच दोन वेगळी विधेयके करा, एक ५४-५५ चे आणि दुसरे बाकी सगळ्याचे, म्हणजे एक अडले तरी दुसरे चालू राहील.

खासगी विधेयक मांडायला एक महिन्याची सूचना लागते, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेले नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी मांडा, कारण त्यामुळे सरकारला उत्तर द्यावे लागते. सरकारने मनावर घेतले तर वेळ लागत नाही: वस्तू व सेवा कराची १०१ वी दुरुस्ती ऑगस्ट २०१६ च्या पहिल्या पंधरवड्यात दोन्ही सभागृहांत मंजूर झाली, निम्म्याहून अधिक राज्यांनी तिला संमती दिली आणि ८ सप्टेंबरला राष्ट्रपतींची सही झाली. दोन्ही विधेयकांचे कलमवार मसुदे आम्ही तयार ठेवले आहेत. ५४-५५ चा मसुदा आधी हातात घ्यावा. त्याला मे २०२७ च्या पुढे अर्थ उरणार नाही.

आपले,
राज्यघटनेचे काही अभ्यासक